बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे

१४ एप्रिल जवळ आला की वस्तीत रात्री उशिरापर्यंत जाग असते. विहाराला रंग दिला जातो, निळ्या पताका शिवल्या जातात, गेल्या वर्षीच्या लाइटच्या माळा पोत्यातून बाहेर निघतात. त्यातल्या निम्म्या बंद असतात. माइकची वायर तुटलेली असते, ॲम्प्लिफायर मध्येच गप्प होतो. वर्गणीचे पैसे वाचावेत म्हणून आपली पोरंच दुरुस्तीला बसतात. या कामाला सोल्डरिंग आयर्न लागते, म्हणजे डाख द्यायची विजेची कांडी. नवी घेणं जिवावर येतं. मग भंगारवाल्याकडून किंवा दुकान बंद केलेल्या एखाद्या मोबाइलवाल्याकडून जुनी कांडी आणली जाते. तीही बंदच निघाली तर ती आधी दुरुस्त केली जाते. आजचं आरोग्याचं पान या जुन्या कांडीबद्दल आहे. वाचताना तुमच्या घरातली इस्त्री, पाणी तापवायचा रॉड आणि कूलरही डोळ्यांसमोर ठेवा, कारण धोका सगळीकडे एकच आहे.

वडूजमधल्या आमच्या वस्तीत गेल्या मार्चमध्ये घडलेली गोष्ट सांगते. मुलगा सतरा वर्षांचा, आयटीआयला जाणारा, हाताला गुण असलेला. त्यानं ऐंशी रुपयांना जुनी कांडी आणली. "चालू हाय, नुसती वायर हलतीय," असं विकणारा म्हणाला होता. घरी लावली तर ती तापेना. मुलानं बोर्डावरचं बटण बंद केलं, पिन तशीच सॉकेटमध्ये ठेवली आणि मुठीचे स्क्रू काढायला घेतले. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि तो अनवाणी बसला होता. डाव्या हातात कांडीची लोखंडी नळी, उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर. मूठ उघडताना आतली एक सुटी तार नळीला टेकली आणि त्याची डावी मूठ नळीवर आवळली गेली. सोडायची म्हटली तरी सुटेना, तोंडातून शब्द फुटेना.

आई त्याला ओढायला धावली. शेजारच्या आजी दारातच होत्या. त्यांनी तिचा दंड धरून तिला मागं खेचलं आणि ओरडल्या, "त्याला शिवू नगं, आधी मेन पाड!" कुणीतरी मेन पाडला. मूठ सुटली आणि मुलगा आडवा झाला.

मी पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. तळहातावर वाटाण्याएवढा पांढरट डाग होता आणि हात थरथरत होता. "काय नाय ताई, बरा हाय मी," असं म्हणत होता. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, ईसीजी काढून घेतला, रात्रभर लक्ष ठेवलं. तो वाचला. त्या आजी दारात नसत्या तर त्या दिवशी त्या घरातून दोन माणसं गेली असती, असं मला आजही वाटतं.

बटण बंद होतं, मग वीज आली कुठून?

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वायरमनला घेऊन मी ती कांडी आणि तो बोर्ड पाहिला. तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, बोर्डावरचं बटण फेजच्या तारेवर नव्हतं, न्यूट्रलच्या तारेवर होतं. घाईत केलेल्या वायरिंगमध्ये ही चूक सर्रास सापडते. अशा बोर्डावर बटण बंद केलं की उपकरण बंद पडतं, दिवा विझतो, आपल्याला वाटतं वीज गेली. पण फेज, म्हणजे झटका देणारी तार, उपकरणाच्या आतपर्यंत तशीच जिवंत राहते. शिवाय दोन पिनांचा प्लग उलटासुलटा कसाही बसतो, त्यामुळे कोणती तार कुठं गेली याचा भरवसा नाही.

दुसरी, त्या कांडीच्या वायरमध्ये मुळात तीन तारा होत्या. हिरवी तार दोन्ही टोकांना कापलेली होती आणि तीन पिनांच्या जागी दोन पिनांचा प्लग बसवला होता. कुणीतरी कधीतरी "ही तार काय कामाची" म्हणून ती छाटली होती.

तिसरी, घराला अर्थिंगच नव्हतं. सॉकेटला वरचं मोठं भोक होतं, पण त्याच्या मागं तार नव्हती. म्हणजे हिरवी तार जागेवर असती तरी तिला जायला वाट नव्हती.

चूक त्या पोराची फार थोडी होती. कापलेली तार, उलटं बटण आणि नसलेलं अर्थिंग हे सगळं त्याच्या आधीच्या माणसांनी त्याच्यासाठी मांडून ठेवलं होतं.

एवढीशी कांडी, एवढा मोठा झटका?

पुष्कळ जण म्हणतात, "पंचवीस वॉटची तर कांडी, तिचा शॉक असा किती?" हा समज मोडणं गरजेचं आहे, म्हणून थोडा हिशेब करू.

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. २५ वॉटची कांडी चालताना सुमारे ११० मिलिॲम्पिअर प्रवाह घेते. आता माणसाचं पाहा. १ मिलिॲम्पिअरला मुंग्या येतात. साधारण १० ते १६ मिलिॲम्पिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. बायका आणि मुलांमध्ये हे आणखी कमी प्रवाहाला होतं. ३० च्या पुढं छातीचे स्नायू आवळून श्वास अडतो. ५० ते १०० मिलिॲम्पिअर प्रवाह छातीतून काही क्षण गेला तर हृदयाचे ठोके विस्कटतात. हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. म्हणजे ही कांडी तापायला जेवढी वीज घेते, तेवढीच माणूस मरायला पुरते.

शिवाय अंगातून किती प्रवाह जाईल हे कांडीच्या वॉटवर ठरत नाही, आपल्या कातडीवर ठरतं. कोरडी, राठ कातडी विजेला बराच अडथळा करते. घामानं किंवा पाण्यानं भिजली की तो अडथळा एक हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० व्होल्टला एक हजारानं भागलं की २३० मिलिॲम्पिअर होतात. पुसलेली फरशी, अनवाणी पाय आणि एका खोलीच्या घरात बोर्डाजवळची मोरी, हे सगळं जमलं की एवढा प्रवाह जायला वेळ लागत नाही.

"पण फ्यूज उडेल की!" असंही म्हटलं जातं. घरातला फ्यूज किंवा एमसीबी ५, १० किंवा १६ ॲम्पिअरचा असतो. ५ ॲम्पिअर म्हणजे ५,००० मिलिॲम्पिअर. माणूस ५० ते १०० मध्ये जातो, तेव्हा फ्यूजला काही घडल्याचं कळतसुद्धा नाही. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. दुरुस्तीवाल्यांच्या सिरीज बोर्डाचंही तेच. सिरीजमधला बल्ब शॉर्ट सर्किट झालं तर फ्यूज वाचवतो, हात लावणाऱ्याला वाचवत नाही.

हिरव्या तारेचं काम

कांडीच्या आत अभ्रक किंवा चिनीमातीवर गुंडाळलेली बारीक तार असते, तिला एलिमेंट म्हणतात. ती तापते आणि टोक तापवते. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन अभ्रक तडकतं, तार सरकते आणि एखाद्या दिवशी बाहेरच्या लोखंडी नळीला टेकते. त्या क्षणी नळीत फेज उतरते.

हिरवी तार त्या नळीला स्क्रूनं जोडलेली असते आणि प्लगच्या वरच्या जाड पिनेतून अर्थिंगमार्गे जमिनीत जाते. नळीत फेज उतरली की सगळा प्रवाह या सोप्या वाटेनं धावतो, फ्यूज उडतो आणि आपल्याला कळतं की कांडी बिघडली. हिरवी तार नसेल तर नळी गुपचूप जिवंत राहते आणि हात लावणाऱ्याची वाट पाहते.

पण ही वाट खरोखर सोपी हवी. आपल्या खटाव-माणच्या भागात हे विशेष लक्षात ठेवा. अर्थिंगचा खड्डा मुरमाड, कोरड्या जमिनीत असेल तर उन्हाळ्यात तो वाळतो आणि वीज जमिनीत मुरत नाही. समजा त्या खड्ड्याचा अडथळा ५० ओहम झाला, तर २३० भागिले ५० म्हणजे जेमतेम ४.६ ॲम्पिअर प्रवाह जाईल. ५ ॲम्पिअरचा फ्यूज उडणार नाही आणि त्या अर्थिंगला जोडलेल्या कूलर-फ्रिजच्या पत्र्यातही वीज उतरेल. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ घातलेलं असावं, आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावं. सांडपाणी चालतं, प्यायचं लागत नाही. जयंती उन्हात येते, तेव्हा हे आधी करा.

दोन जुगाड मात्र कधीच करू नका. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमधलं अर्थचं भोक न्यूट्रलला जोडून देणारे लोक आहेत. कुठं न्यूट्रल तुटला की घरातलं प्रत्येक लोखंडी उपकरण जिवंत होतं. दुसरा जुगाड म्हणजे अर्थची तार नळाच्या पाइपाला बांधणं. तुमच्या कांडीतली वीज शेजारी पाणी भरणाऱ्या बाईच्या हातात जाईल.

माणसासाठी असलेली पेटी: आरसीसीबी

फ्यूज माणसासाठी नसेल तर माणसासाठी काय? त्यासाठी आरसीसीबी असते. मीटरनंतर मेनजवळ ती बसवतात. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली का, हे ती सतत पाहते. मध्येच ३० मिलिॲम्पिअर कुठं गळाले, मग ते तुमच्या अंगातून का असेना, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडते. घरात अर्थिंग नसलं तरी अंगातून जमिनीत जाणारी वीज ती ओळखते. अर्थात म्हणून अर्थिंग नको असं नाही, दोन्ही हवं.

घेताना ३० मिलिॲम्पिअरची आणि आयएसआय खूण असलेलीच घ्या. दुकानात १०० आणि ३०० मिलिॲम्पिअरच्याही मिळतात. त्या आगीपासून बचावासाठी असतात, माणसासाठी नव्हेत. बसवून घ्यायची ती परवानाधारक वायरमनकडूनच. तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली पाहिजे. गेली नाही तर पेटी निकामी आहे.

तिचीही मर्यादा आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर तिला काही कळत नाही. म्हणून पेटी आहे म्हणून उघड्या तारांशी खेळू नका. आणि कांडी लावली की पेटी पडते, असं झालं तर पेटीला दोष देऊन ती काढून टाकू नका. कांडी गळते आहे, हेच ती सांगते आहे.

जुनी कांडी हातात आली तर

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी शिकवलं ते आपण विहारात ऐकतो. कुणी सांगितलं म्हणून, चालत आलं म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावं. "चालू हाय" या शब्दालाही हेच लावा. पारखायचा क्रम असा:

१. पिन सॉकेटमधून काढा आणि प्लग आपल्या मांडीशी, डोळ्यांसमोर ठेवा. प्लग दिसत असेल तरच कांडी उघडा. बटणावर विसंबू नका. तापलेली असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा.

२. नुसत्या डोळ्यांनी पाहा. वायर कुठं वितळलीय का, चिकटपट्टी गुंडाळलीय का, मूठ तडकलीय का, प्लग दोन पिनांचा आहे का. टोक ३०० अंशांच्या पुढं तापतं आणि साधी प्लास्टिकची वायर त्याला चाटून गेली तरी वितळते. चिकटपट्टीची वायर दुरुस्त करत बसू नका, पूर्ण बदला.

३. नवी वायर तीन तारांचीच घ्या. इस्त्रीला असते तशी कापडी वेष्टनाची वायर मिळाली तर उत्तम, ती उष्णता सोसते. तपकिरी किंवा लाल तार फेज, निळी किंवा काळी न्यूट्रल, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थ. पण जुन्या वायरमध्ये कुणी रंग बदलून जोडले असतील, म्हणून रंगावर डोळे झाकून विश्वास नको.

४. मुठीत शिरते तिथं वायर पट्टीखाली घट्ट दाबून बसवा, म्हणजे ओढ बसली तरी जोडावर ताण येणार नाही. आत हिरवी तार बाकी दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवा. वायरला हिसका बसला तर हिरवी सगळ्यांत शेवटी तुटावी.

५. हिरवी तार नळीला जिथं जोडायची तिथला गंज घासून काढा आणि स्क्रूखाली घट्ट आवळा. एलिमेंटच्या तारांवर उष्णता सोसणारी काचेच्या धाग्याची स्लीव्ह किंवा चिनीमातीचे मणीच घाला. चिकटपट्टी तिथं वितळते. आतले जोडही स्क्रूनं करा, डाखेनं नको. तापलं की डाख सुटते आणि तार मोकळी होते.

६. प्लग तीन पिनांचा बसवा. वरची जाड पिन अर्थची. सॉकेट समोरून पाहताना उजव्या भोकात फेज आणि डाव्या भोकात न्यूट्रल असायला हवं. तसं आहे का आणि बटण फेजवर आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

७. मल्टिमीटर लावा. तो वस्तीत एकाकडे तरी असतोच. प्लगच्या खालच्या दोन पिनांमध्ये २५ वॉटच्या कांडीला सुमारे २,१०० ओहम दिसायला हवेत. जाड पिन आणि नळी यांच्यात जवळजवळ शून्य दिसायला हवं. खालची प्रत्येक पिन आणि नळी यांच्यात, सगळ्यांत मोठ्या रेंजवर ठेवूनही, काहीच आकडा यायला नको. यातली एकही चाचणी चुकली तर कांडी लावायची नाही.

८. मल्टिमीटर स्वतःच्या छोट्या बॅटरीवर मोजतो, त्याला सगळी गळती दिसत नाही. शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्यांकडे मेगर असतो, तो ५०० व्होल्टवर तपासतो. दोन मिनिटांचं काम आहे, त्यांच्याकडून करून घ्या.

९. पहिल्यांदा तापवताना कांडी कोरड्या विटेवर ठेवा, आरसीसीबी असलेल्या घरातच लावा आणि दहा मिनिटं हात लावू नका. मग पिन काढून, नळीला हात न लावता, गरम असतानाच सातवी चाचणी पुन्हा करा. काही कांड्या थंड असताना चांगल्या असतात आणि तापल्यावर गळतात.

अभ्रक फुटलेलं असेल, मूठ तडकलेली असेल किंवा एकदा जरी मुंग्या आल्या असतील तर वायर कापून ती कांडी टाकून द्या. कापून यासाठी, की भंगारातून उचलून दुसऱ्या कुणी ती लावू नये. साधी नवी कांडी दोन-अडीचशे रुपयांपासून मिळते. दवाखान्याची एक खेप त्याहून महाग पडते.

काम करताना पायात रबरी चप्पल हवी, खाली कोरडी फळी किंवा गोणपाट हवं, आणि घरात आणखी एक माणूस हवा, ज्याला मेन कुठं आहे हे माहीत आहे. सोल्डरच्या तारेत बहुधा शिसं असतं. ते हाताला लागतं आणि जेवताना पोटात जातं, लहान मुलांच्या मेंदूला ते फार बाधतं. म्हणून स्वयंपाकाच्या जागी हे काम नको, तार दातात धरायची नाही, आणि उठल्यावर हात साबणानं धुवायचे.

शॉक लागला तर पहिल्या पाच मिनिटांत

माणसाला शिवू नका. आधी मेन पाडा किंवा प्लग ओढा. तेही शक्य नसेल तर कोरड्या लाकडावर किंवा प्लास्टिकच्या पाटावर उभं राहून कोरड्या लाकडी काठीनं तार दूर सारा. ओला बांबू, लोखंडी पाइप, ओला टॉवेल चालत नाही. हे फक्त घरातल्या विजेपुरतं आहे. रस्त्यावरची मोठी लाइन असेल तर जवळ जाऊच नका, सगळ्यांना लांब ठेवा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर फोन करा.

वीज तुटल्यावर त्याला हाक मारा, छाती हलते का पाहा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा नुसता आचके दिल्यासारखा श्वास आहे, तर एकानं १०८ ला फोन लावायचा आणि दुसऱ्यानं लगेच छाती दाबायला घ्यायची. माणसाला कडक जमिनीवर उताणं निजवा. छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपरं ताठ करून, दोन इंच खोल दाबा आणि सोडा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण दोनदा. दमलात की दुसऱ्यानं घ्यायचं, पण गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. तोंडानं श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबलं तरी चालतं.

मातीत पुरणं, कांदा हुंगवणं, अंगारा लावणं, तोंडात पाणी घालणं यातलं काही करू नका. मातीत पुरलेल्या माणसाची छाती दाबता येत नाही, आणि त्याला नेमकी तीच गरज असते. भाजलेल्या जागेवर, वीज तुटल्याची खात्री करूनच, वीस मिनिटं साधं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई लावू नका.

आणि माणूस उठून बसला, चहा मागू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्या. वीज बाहेर छोटा डाग ठेवते आणि आत स्नायू भाजते. हृदयाची लय बिघडली आहे का हे ईसीजीशिवाय कळत नाही. लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडावर भार आल्याची ती खूण आहे. गरोदर बाईला छोटा झटका बसला तरी तपासणी झालीच पाहिजे.

जयंतीच्या आधी एवढं करू या

आपल्या देशात विजेच्या धक्क्यानं वर्षाला बारा हजारांहून जास्त माणसं जातात. २०२३ मध्ये १३ एप्रिलच्या रात्री विरारला जयंतीच्या मिरवणुकीतल्या गाडीवरच्या लोखंडी दांड्यात वीज उतरली आणि दोन तरुण गेले, काही जण जखमी झाले. बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्या घरातलं पोर असं जावं, याहून मोठं दुःख कोणतं?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा विषय त्यांच्याच खात्यात होता. १९४३ मध्ये देशाच्या वीज धोरणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय कारखाने उभे राहणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना वीज आपल्या माणसांच्या हाताला बळ देण्यासाठी हवी होती. ती आपल्या दारापर्यंत आली, पण पुष्कळ घरांत अर्थिंगशिवाय आली. वस्तीतली घरं जुनी, वायरिंग जोडजोड करून वाढवलेलं, एका मीटरवर दोन चुली. अर्थिंग ही चैन आहे असं आपणही मानून घेतलं. ते मनातून काढलं पाहिजे.

म्हणून वर्गणी जमवताना एक रक्कम बाजूला काढा. त्यातून विहाराला अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी आधी बसवा, लाइटच्या माळा नंतर. दुरुस्तीचं काम घराघरांत न करता विहारातच, त्या एका सुरक्षित बोर्डावर करा. एक मल्टिमीटर आणि एक नवी कांडी मंडळाच्या मालकीची ठेवा. मिरवणुकीच्या मार्गावरच्या तारा किती उंचीवर आहेत ते आधी फिरून पाहा आणि ध्वजाचा दांडा, गाडीवरची सजावट त्यांच्या खूप खाली राहील अशी ठेवा. आणि एका रविवारी, वंदना झाल्यावर, बायाबापड्यांसकट सगळ्यांना मेन कुठं आहे आणि छाती कशी दाबायची हे दाखवा. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना बोलवा, नाहीतर मला कळवा, मी येते.

आमच्या त्या मुलानं यंदा पुन्हा लाइटच्या माळा दुरुस्तीला घेतल्या आहेत. आईनं आधी नाही म्हटलं. मग तीच त्याला घेऊन विहारात आली. आता तो कांडी हातात घेण्याआधी प्लग काढून मांडीवर ठेवतो आणि आई मेनजवळ खुर्ची टाकून बसते. शेजारच्या आजी येताजाता विचारतात, "पिन काढलीस का रं?" हाच प्रश्न प्रत्येक वस्तीत विचारला जावा, एवढ्यासाठी हे लिहिलं.

जयभीम. नमो बुद्धाय.